मोरीला हवा लागते

एप्रिल अर्धा उलटला की धुळ्यातल्या आमच्या गल्लीत एक तक्रार दबक्या आवाजात सुरू होते. नळ कधी येणार, कूलरचं गवत बदललं का, हे ओट्यावर बसून मोठ्याने बोललं जातं. ही तक्रार मात्र शेजारणीच्या कानाशी लागून होते. मोरीतून वास येतो. कुजक्या अंड्यासारखा, गटारीसारखा; सकाळी दार उघडलं की एकदम अंगावर येतो. पाहुणे यायचे असले की घरातली बाई आधी फिनेलची बाटली शोधते, जाळीत डांबरगोळ्या टाकते, अगरबत्ती लावते, आणि तरीही पाहुणा हात धुवायला गेला की तिचा जीव थाऱ्यावर राहत नाही.

कारण या वासाचा दोष बाईवर येतो. तिने मोरी घासली नाही, तिला टापटीप नाही, असा अर्थ लावला जातो. माझ्या आईने या एका वासापायी कितीतरी सकाळी फरशीवर गुडघे टेकून घालवल्या आहेत. "मोरी वास मारी राह्यनी," म्हणायची आणि पुन्हा ब्रश घ्यायची. फरशी चकचकीत, भिंतींच्या टाइल्स कोरड्या, आणि वास जिथल्या तिथे. ते बघून मला राग यायचा, आणि आजही येतो. हा वास घासण्याने जाणारा नसतो. तो पाइपातून येतो आणि त्याची कारणं गवंड्याच्या, मिस्त्रीच्या, घर बांधणाऱ्याच्या कामात असतात. ती कारणं एकदा समजून घेतली की बहुतेक घरांत त्यांच्यावर उपाय सापडतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मोरीच्या जाळीखाली एक वाडग्यासारखा भाग बसवलेला असतो. मिस्त्री त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. पाणी त्यात पडतं, वळणातून वर चढून पुढच्या पाइपात जातं, आणि थोडं पाणी मागे त्या वळणात कायम साचून राहतं. गटारीची हवा आणि आपलं घर यांच्यामध्ये तेवढंच एक दार असतं. कमोडमध्ये दिसणारं पाणी त्याच कामासाठी असतं, बेसिनखालच्या बाटलीच्या आकाराच्या ट्रॅपमध्येही तेच. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ मध्ये ब्रिटनमध्ये शौचालयाखाली एस आकाराच्या वळणाचं पेटंट घेतलं. त्यानंतर पाइप बिडाचे होते ते प्लास्टिकचे झाले, भांडी बदलली, फ्लश बदलले, पण वास अडवण्याचं मूळ तत्त्व अजून तेच आहे. साचलेलं पाणी. चांगल्या ट्रॅपमध्ये त्याची उंची साधारण ५० मिलिमीटर धरतात. म्हणजे आपल्या तीन बोटांच्या रुंदीएवढं पाणी घराची अब्रू राखत असतं.

ते पाणी गेलं की वास आला. त्यामुळे पहिला प्रश्न नेहमी हाच विचारायचा: पाणी आहे का, आणि नसेल तर कुठे गेलं?

आमच्याकडे पहिलं उत्तर सरळ असतं. वाळलं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, धुळ्याला त्याहून फार वेगळं नसतं, आणि हवा इतकी कोरडी की दोरीवरचं लुगडं बघता बघता वाळतं. रोज वापरातल्या मोरीला या उन्हाचं भय नाही, तिथे पाणी पडत राहतं. भय असतं न वापरल्या जाणाऱ्या मोरीला. आणि अशा मोऱ्या खानदेशात आता घरोघरी आहेत. मुलगा सुरतेला, मुलगी पुण्याला, दुसरा नाशिकला. त्यांच्यासाठी हौसेने वर खोली बांधली, तिला लागून संडास-बाथरूम काढलं, आणि ती खोली दिवाळी आणि लग्नसराई सोडली तर बंद. खाली राहणाऱ्या दोघा म्हाताऱ्यांना वर चढवत नाही. वरच्या मोरीतलं पाणी हळूहळू उडून जातं आणि जिन्यातून वास खाली उतरतो. खालची मोरी घासत बसलेल्या माणसाला हे सुचणार कसं?

आमच्या गल्लीत एक काकू आहेत. बाहेरगावी असलेल्या अनेकांच्या घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात. उन्हाळ्यात त्या आठवड्याला एकदा प्रत्येक घर उघडतात, प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओततात, कमोडचा फ्लश एकदा ओढतात, बेसिनचा नळ क्षणभर सोडतात आणि कुलूप लावून पुढच्या घरी जातात. त्यांना हे कोणी शिकवलेलं नाही. "मोरीनं पानी सुकी गये म्हनीसन वास येस," इतकं साधं त्यांचं निदान, आणि ते शंभर टक्के बरोबर. नळाला रोज पाणी नसलेल्या गावात दुसऱ्याच्या रिकाम्या घरासाठी आपल्या पिंपातलं पाणी नेणाऱ्या या बाईबद्दल मला फार आदर आहे. घर महिना-दोन महिने बंदच राहणार असेल तर पाणी ओतल्यावर वरून चमचाभर गोडेतेल सोडावं. तेलाचा पातळ थर पाण्यावर तरंगतो आणि वाफ होणं बरंच मंदावतं. हार्डवेअरच्या दुकानांत आता सिलिकॉनच्या झडपेची जाळी मिळते, पाणी गेलं की झडप आपोआप मिटते. बंद खोलीसाठी ती चांगली आहे. रोजच्या वापरात मात्र केस आणि साबणाचा चिकटा झडपेत अडकतो, ती अर्धवट उघडी राहते आणि आपण निर्धास्त असतो, म्हणून तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नये.

आमच्या स्वतःच्या घराचं दुखणं निराळं होतं. मोरी रोज वापरात, जाळीत पाणी रोज पडणारं, तरी वास. तो सुरू झाला वरचा मजला चढवल्यानंतर. पण ते कोणी जुळवून बघितलं नव्हतं, कारण वरच्या कामाचा खालच्या मोरीशी संबंध काय, असंच सगळ्यांना वाटतं. शेवटी साक्रीकडचे एक वयस्कर मिस्त्री आले. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. त्यांनी हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. खालच्या मोरीची जाळी काढून बॅटरीचा उजेड आत टाकला, मला जवळ बसवलं आणि भावाला वरचा फ्लश ओढायला सांगितलं. आतलं पाणी आधी खाली दबलं, गटगट आवाज झाला, मग मोठे बुडबुडे वर आले. आवाज थांबल्यावर पाहिलं तर ट्रॅपमधलं पाणी निम्म्याहून कमी राहिलं होतं. पुन्हा फ्लश, पुन्हा गटगट, आणि आता वळणाचा वरचा काठ उघडा दिसायला लागला.

"पाइपले हवा लागस, ताई," आप्पा म्हणाले. "वरथून हवा नही भेटनी ते तो खालनं पानी ओढी लेस."

तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके देत पडतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की धार सरळ लागते. उभ्या पाइपातून पाणी पडतं तेव्हा नेमकं हेच घडतं. पडणाऱ्या पाण्याच्या मागे हवा विरळ होते आणि ती जागा भरायला पाइप जिथून मिळेल तिथून हवा ओढतो. वर गच्चीवर पाइपाचं तोंड उघडं असेल तर तिथून घेतो. नसेल तर जवळच्या ट्रॅपमधून घेतो, आणि तिथलं पाणी हवेबरोबर ओढलं जातं. खाली, जिथे उभा पाइप आडवा होतो, तिथे उलटं होतं: कोसळणारं पाणी पुढची हवा दाबतं आणि ती दाबलेली हवा तळमजल्याच्या मोरीतून बुडबुड्यांनी वर येते, वास घेऊन. याला किती कमी जोर पुरतो, ते हिशोब केल्यावर मला पटलं. वातावरणाचा दाब म्हणजे साधारण १० मीटर उंचीच्या पाण्याचं वजन. ट्रॅपमधलं पाणी ५० मिलिमीटर. म्हणजे पाइपातल्या हवेचा दाब दोनशेव्या हिश्शाने खालीवर झाला तरी आपलं दार उघडलं.

पाण्याच्या या वळणदार पाइपाशी धुळ्याचं जुनं नातं आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहाय्यक अभियंता म्हणून लागले, आणि त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांत एक आपल्या खानदेशातलं होतं: पांझरा नदीचा एक प्रवाह ओलांडून पाणी नेणारा पाइपचा सायफन. अशा सायफनमध्ये पाणी एका बाजूने खाली उतरतं, अडथळ्याखालून जातं आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा वर येतं. आपल्या जाळीखालचं वळण आकाराने तेच आहे. फरक इतकाच की तिथे पाणी वाहतं राहावं म्हणून वळण दिलेलं असतं, इथे ते साचून राहावं म्हणून. फड पद्धतीने पांझरेचं पाणी शेताशेतांत वाटून घेणारा हा मुलूख. पाणी कसं चालतं याची समज आपल्या मातीत आहे. ती घराच्या भिंतीआडच्या पाइपापाशी येऊनच का थांबावी, हे मला कळत नाही.

तर आमच्या घरात झालं होतं ते असं. तळमजला बांधला तेव्हा मोरीच्या पाइपातून एक हवेचा पाइप भिंतीने सरळ गच्चीवर नेलेला होता, वर टोपी बसवलेला. मजला चढवताना गवंड्याला तो उभा पाइप आयता मिळाला. त्याने वरच्या कमोडचं आणि मोरीचं पाणी त्यातच सोडलं आणि वरचं तोंड फरशीखाली झाकण लावून बंद करून टाकलं. हवेचा पाइप मैल्याचा पाइप झाला आणि हवेला वाटच उरली नाही. असं काम मी नंतर कितीतरी घरांत पाहिलं. मजला चढवणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गवंड्याला हा एक प्रश्न जरूर विचारावा: खालचा हवेचा पाइप कुठे गेला?

आप्पांनी उभा पाइप वरून मोकळा करून गच्चीच्या वर नेला. तळमजल्याच्या मोरीची लाइन उभ्या पाइपातून तोडली आणि स्वतंत्रपणे बाहेरच्या गली ट्रॅपमध्ये (घराबाहेर जमिनीत बसवलेल्या ट्रॅपमध्ये) सोडली, म्हणजे वरून कोसळणाऱ्या पाण्याचा दाब तिच्यापर्यंत पोचणारच नाही. काम तेवढंच. पण त्यातला गच्चीचा भाग सहज झाला नाही, आणि त्याचं कारण सगळ्या खानदेशाला लागू आहे.

आपण उन्हाळ्यात गच्चीवर झोपतो. धाब्याच्या घरांत धाब्यावर झोपायचो, आता स्लॅबवर. संध्याकाळी पाणी शिंपडायचं, रात्री गाद्या टाकायच्या. आईचं म्हणणं, ती घाण हवा आता माझ्या उशाशी सोडणार का? हा प्रश्न रास्त आहे. याच भीतीने लोक गच्चीवरचा पाइप गुडघ्याएवढा कापतात, वर पिशवी बांधतात, पालथी बाटली बसवतात, कोणी तर सिमेंटने बुजवून टाकतात, आणि मग तोच वास खाली झोपायच्या खोलीत येतो. आणखी एक गोष्ट. डास होऊ नयेत म्हणून आरोग्य खात्याचे लोक सेप्टिक टाकीच्या हवेच्या पाइपाला जाळी बांधायला सांगतात, आणि ते बांधायलाच हवं. पण जाळी म्हणजे जाळी. बरेचजण जुन्या लुगड्याचं फडकं दुहेरी करून घट्ट बांधतात. त्यावर उन्हाळ्याची धूळ बसते, कोळी जाळं विणतात, पहिल्या पावसात सगळ्याचा लगदा होतो आणि हवा बंद. बारीक नायलॉनची जाळी एकपदरी बांधावी आणि वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, ती बदलावी.

आईच्या प्रश्नाला उत्तर उंचीत होतं. आमचा पाइप जिन्यावरच्या खोलीच्याही वर नेला आणि गच्चीच्या पूर्वेच्या कडेला घेतला. उन्हाळ्यात इकडे वारा बहुतेक पश्चिमेचा असतो, म्हणून जी काही हवा निघेल ती घरापासून दूर जाते. पाण्याच्या टाकीजवळ, खिडकीजवळ किंवा कूलरजवळ हे तोंड कधीही येऊ देऊ नये. आई पहिल्या रात्री वर झोपली तेव्हा दोनदा उठून हुंगून आली. तिने नंतर तो विषय काढला नाही.

ज्यांना भिंत फोडून पाइप वर नेणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी एका बाजूने उघडणारा हवेचा व्हॉल्व्ह मिळतो. तो हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही. ओढलं जाणारं पाणी त्याने वाचतं. पण दाबून वर येणाऱ्या हवेला तो काही करू शकत नाही, म्हणून घराला निदान एक तरी पाइप आकाशाकडे उघडा असलाच पाहिजे.

वास नेमका कुठून येतो हे शोधायची माझी पद्धत सांगते, तिला पैसे लागत नाहीत. जाड पॉलिथिनच्या पिशवीत पाणी भरून गाठ मारायची आणि ती मोरीच्या जाळीवर ठेवायची. पिशवी आपल्या वजनाने तोंड बुजवते. रात्रभर दार लावून ठेवायचं. सकाळी वास नसेल तर दोषी ती जाळी. असेल तर दुसऱ्या रात्री बेसिनचं भोक, मग वॉशिंग मशीनचा पाइप जिथे सोडलाय ती जागा. घाई करून सगळं एकदम बंद केलं तर काहीच कळत नाही.

बेसिनकडे तर आधी बघावं. बहुसंख्य घरांत बेसिनखाली तो घडीघडीचा प्लास्टिकचा वेस्ट पाइप असतो आणि तो भिंतीतल्या त्याच्यापेक्षा रुंद पाइपात नुसता खोचलेला असतो. भोवती बोटभर फट. त्या फटीतून गटारीची हवा अखंड खोलीत येते आणि पाण्याच्या वळणाचा काही उपयोग राहत नाही. रबराची कॉलर किंवा सिलिकॉन लावून ती फट बुजवली की कित्येक घरांतलं दुखणं तिथेच संपतं. खाली बाटली ट्रॅप नसेल तर त्या घडीच्या पाइपालाच वळण देऊन बांधून ठेवावं, त्यात पाणी साचतं.

जुन्या जाळ्यांखाली एक उलटी वाटी असते. पाणी तुंबतं म्हणून लोक ती काढून फेकतात. तीच वास अडवत होती. ती काढून धुवावी आणि परत बसवावी. जाळीत अडकलेल्या केसांच्या गुंत्याचं टोक वळणापलीकडे गेलं असेल तर ते वातीसारखं पाणी शोषून थेंबथेंब पलीकडे सोडतो आणि ट्रॅप रिकामा होतो. केस नियमित काढायला हवेत ते त्यासाठीही. कमोडच्या बुडाशी सिमेंटचा सांधा तडकला असेल तर तिथूनही वास येतो. संकन स्लॅबच्या, म्हणजे पाइपांसाठी मोरीखाली खोलगट ठेवलेल्या स्लॅबच्या, भरावात पाणी मुरत असेल तर ट्रॅप सगळे ठीक असूनही कुबट वास राहतो, आणि तिथे फरशी उचलण्यावाचून इलाज नाही.

पंख्यांचाही विचार करावा. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. दाराखाली फट नसेल तर तो ती मोरीतून ओढतो. दाराखाली बोटभर जागा सोडावी. शिरपूरला माझ्या बहिणीकडे वास फक्त दुपारी आणि फक्त उन्हाळ्यात यायचा. सगळे पाइप तपासून झाले. निघालं काय, तर कूलर मागच्या बोळाकडच्या खिडकीत, आणि त्याच्या बरोबर खाली चेंबरचं झाकण फुटलेलं. कूलर इमानाने चेंबरची हवा गार करून खोलीत सोडत होता. झाकण बदललं, काठाने सिमेंटचा लेप दिला, प्रश्न मिटला.

आपल्याकडची आणखी एक सवय. जुन्या घरांत संडासाचा पाइप सेप्टिक टाकीत आणि मोरीचं पाणी वेगळं, गली ट्रॅपमधून गटारीत, अशी दोन वाटांची रचना असे. आता पाइप वाचवायला दोन्ही एकाच लाइनीत जोडतात. ती रचना चुकीची नाही, मोठ्या इमारतींत ती नीट चालते. पण तिथे हवेच्या पाइपाची गरज अधिक असते, आणि वाचवला जातो नेमका तोच.

वास असह्य झाला की माणूस रसायनं ओततो. कृपा करून संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकामागोमाग टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेततो. ॲसिड फार झालं तर सेप्टिक टाकीतले जिवाणू मरतात, मैला कुजत नाही आणि वास वाढतो. आणि टाकी तुंबली म्हणून कोणालाही, कितीही पैसे देऊन, आत उतरवू नका. तो कुजक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. दहा लाखांत एका भागाहून कमी असला तरी नाकाला कळतो, पण तोच शंभर भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. टाकीत उतरलेला माणूस त्या क्षणी धोक्यात असतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय अशी टाकी माणसाकरवी साफ करून घेणं गुन्हा आहे. उपसणारी गाडी मागवावी, नसेल मिळत तर थांबावं.

शिरपूरला बहिणीने यंदा नवं घर काढलंय. पाया झाला, विटकाम सुरू आहे. नकाशात दिवाणखान्याची छत, स्वयंपाकघराचा ओटा, देवघराची दिशा, सगळं बारकाईने आखलेलं, पण पाइप कुठून जाणार याची एक रेघ नव्हती. कंत्राटदार म्हणाला, ते मिस्त्री बघेल. आम्ही आप्पांना शिरपूरला नेलं. त्यांनी खडूने विटांवर खुणा केल्या: हा मैल्याचा, हा मोरीचा, हा हवेचा. फरशी बसायच्या आधी प्रत्येक सांध्याचे फोटो काढून ठेवायचं ठरलंय, टेपपट्टी शेजारी धरून, म्हणजे पुढे कधी भिंत फोडावी लागली तर कुठे फोडायची ते घरात कोणालाही सांगता येईल. हवेच्या पाइपासाठी स्लॅबमध्ये भोक ठेवायचं राहू नये म्हणून स्लॅबच्या दिवशी बहीण स्वतः वर उभी राहणार आहे.